घरगुती लेपांनी चेहरा उजळतो का? काय लावावं, कसं लावावं, काय अजिबात लावू नये

चेहरा उजळण्याचे उपाय विचारणाऱ्यांना खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. उन्हाने रापलेला, निस्तेज, मुरुमांच्या डागांनी भरलेला चेहरा पूर्वीसारखा दिसावा, ही एक. आहोत त्यापेक्षा गोरं व्हावं, ही दुसरी. पहिली गोष्ट घरच्या घरी बऱ्यापैकी साधते. दुसरी डाळीच्या पिठाने, सायीने किंवा केशराने होत नाही, आणि ती होते असं सांगणाऱ्या डबीत बहुधा काहीतरी घातक असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आपला चेहरा किती उजळू शकतो हे पाहायची सोपी युक्ती आहे. बाही वर करा आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू बघा. तिथे ऊन जवळजवळ लागत नाही. तो तुमचा मूळ रंग. चेहरा आणि ही जागा यांच्या रंगात जेवढा फरक असेल, त्यातला बराचसा फरक भरून काढता येतो. त्यापलीकडे लेपाचं काम नाही.

असं का, हे थोडक्यात सांगते. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याने ठरतो. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते; फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं रंगद्रव्य बनवतात यात. या पेशी खालच्या थरात बसलेल्या असतात. लेप मात्र पंधरा मिनिटं सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरावर राहतो. तो तेल आणि मळ काढतो, सुटू आलेल्या पेशी सोडवतो, थरात थोडं पाणी धरून ठेवतो. ओलसर आणि गुळगुळीत झालेल्या त्वचेवरून उजेड नीट परावर्तित होतो आणि चेहरा तजेलदार दिसतो. ज्याला आपण ‘ग्लो’ म्हणतो तो एवढाच असतो, आणि तो खोटा नसतो.

आता सावळ्या आणि गव्हाळ त्वचेचा एक स्वभाव, ज्यावर या लेखातलं जवळजवळ सगळं अवलंबून आहे. या त्वचेला काहीही त्रास झाला, मग तो मुरूम असो, भाजणं, खरचटणं किंवा झोंबणारा लेप, तर ती बरी होताना मागे काळा डाग ठेवते. गोऱ्यापान युरोपीय त्वचेवर तिथे आठवडाभर लाली राहील. आपल्याकडे डाग महिनोन् महिने राहतो. त्यामुळे ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य आपल्यासाठी साफ उलटं आहे. झोंबणारी वस्तू उजळवत नाही, ती पुढच्या डागाची तयारी करत असते.

आधी काळेपणा कशाचा आहे ते ओळखा

लेप कालवण्याआधी आरशासमोर, खिडकीच्या उजेडात दोन मिनिटं उभं राहा. दिव्याच्या उजेडावर विसंबू नका.

सगळा चेहरा सारखाच रापलेला आहे, कपाळावर केसांच्या किंवा ओढणीच्या कडेपाशी रंग बदलतो आहे, हात कोपरापर्यंत गडद आहेत: हे उन्हाचं काम. इथे लेपांचा थोडा आणि सनस्क्रीनचा पुष्कळ उपयोग होतो.

मुरुमांच्या जागी राहिलेले तपकिरी ठिपके आपोआप फिके होतात, फक्त वेळ लागतो. मुरूम येतच असतील तर डागांआधी मुरुमांवर उपचार हवा, नाहीतर एक डाग जाईपर्यंत दोन नवे येतात.

दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर नकाशासारखे पसरलेले तपकिरी पट्टे म्हणजे वांग. गरोदरपणात, काहींना गर्भनिरोधक गोळ्यांमुळे, आणि बऱ्याच जणींना चाळिशीच्या आसपास ते दिसू लागतात. वांगावर घरगुती लेप चालत नाही. घासलं तर ते वाढतं.

मान, काखा, जांघा इथे मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा दिसत असेल तर तो मळ नाही. पोरांना या मानेवरून आंघोळीच्या वेळी फार बोलणी खावी लागतात आणि घासणीने मान सोलवटून निघते. बहुतेक वेळा ही शरीरातल्या इन्सुलिनच्या गडबडीची खूण असते. वजन आणि रक्तातली साखर तपासून घ्या. घासण्याने तर ती जागा आणखी काळी पडते.

टिकली लावायच्या जागी पांढरा किंवा काळा डाग पडत असेल तर टिकलीच्या गोंदाची शंका घ्या. कपाळाच्या कडेने आणि कानांमागे काळेपणा येत असेल तर केसांचा डाय किंवा सुवासिक तेल तपासा. या दोन्ही ठिकाणी उपाय लावायचा नसतो, काढायचा असतो: टिकली बंद, डाय बंद, आणि डाग राहिलाच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे.

तुमची त्वचा कोणती

रात्री साध्या फेसवॉशने चेहरा धुवा, टिपा आणि तासभर काहीही लावू नका. सगळीकडे ताण जाणवला, हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी चमकायला लागली आणि गाल ठीक असले तर मिश्र. सगळंच चमकलं तर तेलकट. लाल झालं किंवा खाज सुटली तर नाजूक. हा प्रयोग जानेवारीत आणि मे महिन्यात वेगळं उत्तर देऊ शकतो. कोकणातली दमट हवा आणि विदर्भातला कोरडा उन्हाळा यांतही फरक पडतो, म्हणून गावातल्या मैत्रिणीला मानवलेला लेप पुण्या-मुंबईत तुम्हाला मानवेलच असं नाही.

स्वयंपाकघरातल्या वस्तू: कोण काय करतं

बेसन आणि मसुराचं पीठ तेल शोषतं आणि हलकी घासणी देतं. अडचण भरडपणाची आहे. लाडवाचं बेसन तर चेहऱ्याला अजिबात नको. मसूर भाजून नव्हे, नुसती उन्हात कडक वाळवून मिक्सरमधून काढा आणि पातळ सुती कापडातून गाळा. आयुर्वेदाच्या दुकानात याला वस्त्रगाळ म्हणतात. बोटांच्या चिमटीत घेतलेलं पीठ टाल्कम पावडरसारखं लागलं तर ते चेहऱ्याचं. कण जाणवले तर पावलांचं.

मुलतानी माती तेल ओढून घेण्यात सगळ्यांत पुढे. म्हणूनच कोरड्या त्वचेची ती वैरी आहे. ती पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवायची आपल्याकडे सवय असते. तोंड हलवता येत नाही इतकं कडक झालं की पॅक ‘बसला’ असं वाटतं. तोवर मातीने त्वचेतला ओलावाही ओढायला सुरुवात केलेली असते. कडेने वाळू लागली आणि मधे ओलसर असली की धुवायची.

दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, साधारण एक टक्क्याच्या आसपास. हेच आम्ल त्वचेच्या क्रीममध्ये पाच ते बारा टक्क्यांपर्यंत वापरतात आणि ते तासन् तास अंगावर राहतं. यावरून दह्याच्या पंधरा मिनिटांचं बळ लक्षात येईल: सौम्य, पण शून्य नाही. ताजं, फार न आंबलेलं दही घ्या. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर अर्थातच नको.

मध पाणी धरून ठेवतो, कोरड्या त्वचेला चांगला. साय ओलावा उडून जाऊ देत नाही, पण तेलकट चेहऱ्यावर आणि मुरुमांवर लावू नये. मिक्सरमधून बारीक केलेले ओट्स खाजऱ्या आणि नाजूक त्वचेला शांत करतात. मला विचाराल तर नवशिक्याने सुरुवात ओट्सपासूनच करावी. त्यात काही परंपरेचा मान नाही, पण त्रास देण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

कोरफडीचं ताजं पान कापलं की कडेने पिवळट चीक येतो. गरापेक्षा हा चीक जास्त खाजवतो. पान कापून उभं करून ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत चीक निथळतो. मग सालं काढून गर पाण्याने धुवा आणि वापरा. कुंडीतली प्रत्येक काटेरी कोरफड औषधी असते असं नाही. शोभेच्या जाती पुष्कळ आहेत, खात्री नसेल तर ते पान चेहऱ्यावर नको.

पिकलेल्या पपईचा गर मृत पेशी सैल करतो. कच्च्या पपईचा चीक मात्र जळजळ करतो. रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पपईच्या वाटेला जाऊ नये.

ज्येष्ठमधात मेलॅनिन बनण्याच्या क्रियेला अडवणारा घटक आहे आणि तो अर्करूपात अनेक क्रीममध्ये असतो. घरची पूड तेवढी जोरदार नाही, पण डागांसाठी लेपात घालायची तर केशरापेक्षा मी ज्येष्ठमधालाच पसंती देईन. केशराचे पैसे मसालेदुधावर खर्च करावेत. बटाट्याच्या रसाबद्दल फार ऐकायला येतं. त्याने बिघडत नाही, घडतही नाही.

हळदीबद्दल जरा थांबून. स्वयंपाकाची हळद आणि आंबेहळद या वेगळ्या. वर्ध्याकडची वायगावची हळद नावाजली जाते ती तिच्यातल्या कुर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्यासाठी, आणि चेहरा पिवळा करतं तेही कुर्क्युमिनच. आंबेहळदीला कैरीसारखा वास असतो, रंग फिका असतो आणि ती डागही कमी पाडते, म्हणून उटण्यात तीच घालतात. स्वयंपाकाचीच घ्यायची तर चिमूटभर, त्याहून जास्त नाही. सुट्या हळदीत मेटॅनिल यलोसारखा अखाद्य रंग किंवा शिशाचा पिवळा क्षार मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. काचेच्या ग्लासातल्या पाण्यात चमचाभर हळद सोडून पाहा: चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिका पिवळा रंग देते, भेसळीची भडक रंग सोडते. हळकुंडं आणून दळलेली सगळ्यांत बरी.

हळद चेहऱ्यावर चढलीच तर साबणाने घासू नका. साबणाने ती लाल होते हे टॉवेलवर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब तेल घेऊन पुसा आणि मग चेहरा धुवा.

उटण्यातलं शहाणपण

दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा, चंदन, आंबेहळद, संत्र्याची साल अशी मंडळी असतात. यातली बरीचशी सुवासासाठी आहेत आणि त्यात गैर काही नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे तो वास नाही आला तर दिवाळी कसली. खरी मेख क्रमात आहे. अभ्यंगस्नानात आधी तेल, मग उटणं. तेल मळ सैल करतं, उटण्याच्या कणांपासून त्वचेला वाचवतं, आणि उटणं जास्तीचं तेल घेऊन जातं. आता बरेच जण तेल चिकट वाटतं म्हणून वगळतात आणि कोरडं उटणं पाण्यात कालवून गालावर रगडतात. मग चेहरा लाल होतो आणि दोष उटण्याला मिळतो. अंगाला उटणं तेलासह लावा. चेहऱ्यावर लावायचं तर वस्त्रगाळ करूनच, आणि मुरूम असतील तर खोबरेल वगळून, कारण ते चेहऱ्याची रंध्रं बुजवू शकतं.

हे चेहऱ्यावर लावू नका

लिंबू. सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत वाईट. आपल्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. या मोजपट्टीवर एकाचा फरक म्हणजे दहापट आम्ल, म्हणजे रस त्वचेपेक्षा शंभरपटीहून जास्त आम्लधर्मी. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की त्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर दुसऱ्या दिवशी फोड आणि नंतर काळे ओघळ उठतात ते यामुळेच. उजळायला लावलेल्या लिंबाने गालावर काळा ओघळ उठणं ही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येणारी तक्रार आहे. ‘दह्यात दोन थेंब’ हेही नको.

खाण्याचा सोडा लिंबाच्या उलट टोकाला, सामू आठच्या पुढे. त्वचेचं आम्लधर्मी कवच मोडतो. टूथपेस्ट मुरमावर लावली की मुरूम वाळतो खरा, आजूबाजूची कातडीही वाळते. लसूण आणि आलं ठेचून लावलं तर भाजल्यासारखे व्रण उठतात. अक्रोडाच्या सालीचे किंवा साखरेचे स्क्रब चेहऱ्याला नकोत. बाजारातल्या संत्र्याच्या सालीवर मेण आणि फवारे असतात. झाडावरचं, ओळखीच्या बागेतलं संत्रं असेल तरच साल वापरा.

लेप लावायची पद्धत

आधी चाचणी. प्रत्येक नव्या वस्तूसाठी, मग ती कितीही नैसर्गिक असो. थोडा लेप कोपराच्या आतल्या खोबणीत लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा लगेच नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. काही झालं नाही तर कानाखाली, जबड्याच्या कडेला तसाच एक ठिपका, पुन्हा दोन दिवस. कंटाळवाणं आहे, पण साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गाल सुजण्यापेक्षा बरं. एका वेळी एकच नवी वस्तू आणा. सात जिन्नस घातलेला पॅक उठला तर दोष कोणाचा हे कळत नाही.

आता मुख्य काम.

१. वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची निवडा. लेपानंतर लगेच उन्हात जायचं नसतं.

२. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच किंवा दाढी त्याच दिवशी केली असेल तर लेप पुढे ढकला. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) किंवा आम्लं असलेली क्रीम चालू असतील तर लेपाच्या आदल्या आणि त्याच रात्री ती नकोत.

३. कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. टिपून घ्या, पण किंचित ओलसर राहू द्या. वाफ घ्यायची गरज नाही; वांग असेल तर उष्णतेने ते वाढतं.

४. लेप ताजा कालवा. चेहरा आणि मान मिळून दोन चहाचे चमचे पीठ पुरतं. इडलीच्या पिठाइतका सैल झाला की पुरे. ओघळला तर डोळ्यात जातो, घट्ट झाला तर लगेच वाळतो.

५. डोळ्यांभोवती बोटभर जागा आणि ओठ सोडा. पातळ थर द्या. जाड थराने जास्त फायदा होत नाही.

६. पहिल्या वेळी पाच मिनिटं. काही झालं नाही तर पुढच्या वेळी आठ, मग दहा ते पंधरा. याच्या वर कधीच नाही. किंचित थंड किंवा ताणलेलं वाटणं ठीक. आग, चुरचुर, खाज म्हणजे त्याच क्षणी धुवायचं. ‘अजून दोन मिनिटं’ करायची नाहीत.

७. काढताना कोरडा चोळू नका. ओल्या हातांनी लेप भिजवा, तो मऊ होऊ द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. डाळीच्या पिठाचे गोळे चोळून काढायची बालपणीची पद्धत चेहऱ्याला फार कडक आहे.

८. टिपल्याबरोबर दोन-तीन मिनिटांत साधं मॉइश्चरायझर. लेपाने जे पाणी आत आलं ते यानेच टिकतं. ही पायरी वगळली तर अर्धी मेहनत वाया जाते.

उरलेला ओला लेप फेकून द्या. दही-पीठ फ्रिजमध्येही आंबत राहतं. कोरडी मिश्रणं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात थोडीथोडीच करा. जाळं किंवा कुबट वास आला की बाद.

कोणासाठी कोणतं मिश्रण

तेलकट चेहऱ्याला दोन चमचे मुलतानी माती आणि लागेल तेवढं साधं पाणी किंवा ताक, आठ-दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा. गुलाबपाणी घालायला हरकत नाही, पण बाजारात मिळणारं बरंचसं गुलाबपाणी म्हणजे सुगंध घातलेलं पाणी असतं.

कोरड्या चेहऱ्याला एक चमचा ओट्सची पूड, एक चमचा साय, अर्धा चमचा मध. पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. हिवाळ्यात हाच एक लेप पुरतो.

मिश्र त्वचेला दोन लेप एकाच वेळी लावता येतात: कपाळ, नाक आणि हनुवटीवर माती, गालांवर दही-मध. दिसायला गमतीशीर, पण बरोबर.

रापलेल्या चेहऱ्याला दोन चमचे वस्त्रगाळ मसूर, दीड चमचा दही, चिमूटभर आंबेहळद, हवी तर पाव चमचा ज्येष्ठमधाची पूड. दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. मात्र ट्रेकवरून किंवा समुद्रावरून आल्या दिवशी चेहरा लाल आणि गरम असेल तर यातलं काहीच नको. ती भाजलेली त्वचा आहे. गार पाण्याच्या पट्ट्या, कोरफडीचा गर, साधं मॉइश्चरायझर, आणि लाली पूर्ण गेल्यावर मग मसूर.

नाजूक किंवा मुरुमांचा चेहरा: फक्त ओट्स आणि पाणी. पिकलेल्या मुरुमांवर कुठलाही लेप चोळू नका.

सुरुवात करताना खिडकीपाशी, सकाळच्या एकाच वेळी, मेकअपशिवाय फोटो काढा आणि दर चार आठवड्यांनी तसाच काढा. वरच्या थराची नवी पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो, त्यामुळे आठ दिवसांत निकाल मागू नये. तजेला त्याच संध्याकाळी दिसतो. रापलेपणा कमी व्हायला एक-दोन महिने, डागांना तीन ते सहा महिने किंवा जास्तही.

लेपापेक्षा मोठं काम: ऊन

आठवड्यातून एक तास लेपावर घालवायचा आणि उरलेले दिवस उघड्या चेहऱ्याने स्कूटरवर फिरायचं, यात लेप हरणार हे ठरलेलं. पुण्यातल्या मुलींचा डोळे सोडून सगळं गुंडाळणारा स्कार्फ चेष्टेचा विषय झाला, पण दाट विणीचं सुती कापड खरंच ऊन अडवतं. जाळीदार ओढणीतून मात्र ते आरपार येतं.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०चं घ्या. तीस साधारण ९७ टक्के आणि पन्नास साधारण ९८ टक्के अतिनील-बी किरण अडवतं, म्हणजे त्यांच्यात वाटतो तेवढा फरक नाही. खरा फरक प्रमाणाने पडतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा काढा. तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग ‘उपयोग होत नाही’ म्हणतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पाकिटावर पीए आणि पुढे तीन-चार अधिक चिन्हं आहेत ना पाहा. ती काळवंडवणाऱ्या अतिनील-ए किरणांसाठी असतात, आणि हे किरण घराच्या व गाडीच्या बाजूच्या काचेतूनही येतात. वांग असेल तर रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन चांगलं, कारण आपल्या रंगाच्या त्वचेवर साधा दृश्य प्रकाशही वांग वाढवतो.

झटपट गोरं करणारी क्रीम

नैसर्गिक उपायांनी दमलेला माणूस मेडिकलमध्ये जातो आणि शेजारीण सांगते ती ट्यूब मागतो. त्यात अनेकदा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, रेटिनॉलच्याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड एकत्र असतं. डॉक्टर हे मिश्रण वांगासाठी ठरावीक आठवडे, देखरेखीखाली देतात. फेअरनेस क्रीम म्हणून रोज लावलं की पहिले काही आठवडे चेहरा काचेसारखा दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात, बारीक लव वाढते, आणि क्रीम सोडलं की चेहऱ्याची आग होते. म्हणून ते सोडताही येत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी वेगळी मोहीम चालवली, आणि २०१८मध्ये अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यावर सरकारने निर्बंध कडक केले. तरी ती मिळतात. तुमच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं नाव असेल आणि ती बरेच दिवस लावत असाल, तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन बनू देत नाही, स्वस्त आहे, आणि त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. २०२३मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाच्या आजाराचा माग अशा क्रीमपर्यंत लागल्याची बातमी आली होती. केरळमध्येही असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. आपल्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही, आणि नकळत आलेलाही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीत मिळणारं, घटकांची यादी, परवाना क्रमांक किंवा उत्पादकाचा पत्ता नसलेलं, ‘आयुर्वेदिक’ म्हणून आठवड्यात गोरं करणारं क्रीम घेऊ नका. आठवड्यात रंग उतरला तर आनंद नको, शंका घ्या.

दुकानातलंच काही घ्यायचं असेल तर नायसिनामाइड, अ‍ॅझेलेइक आम्ल, क जीवनसत्त्व हे शब्द शोधा. डागांवर यांचा परिणाम कुठल्याही डाळीच्या पिठापेक्षा जास्त असतो. गरोदर असाल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन टाळा. बाकीचंही डॉक्टरांना विचारून.

लग्नघरासाठी

नवरा असो वा नवरी, सगळे प्रयोग तारखेच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा आणि शेवटच्या पंधरा दिवसांत काहीही नवं आणू नका: नवा लेप नाही, नवं फेशियल नाही, करवलीने आणलेला कोरियन शीट मास्कही नाही.

हळदीच्या दिवशीची हळद ही घरभर हातांनी आणि आंब्याच्या पानांनी लागणार, तिच्यावर तुमचा ताबा नसतो. म्हणून ती कोणती आणणार हे आधी विचारून घ्या आणि त्याच हळदीची कोपराच्या खोबणीत चाचणी करा. वॅक्सिंग आणि ब्लीच हळदीच्या निदान दोन दिवस आधी उरका. ताज्या वॅक्सिंगवर हळद झोंबते. कार्यक्रमाआधी चेहरा, मान, हात यांवर खोबरेलाचा पातळ हात फिरवा, मुरूम असतील तर चेहऱ्यावर पेट्रोलियम जेली, आणि केसांच्या कडेला थोडं जास्त, कारण फोटोत पिवळी कड तिथेच दिसते. कालवताना हळदीत थोडं बेसन आणि दूध घातलं तर ती कमी चढते. लिंबू पिळायला कुणी काकू पुढे आल्या तर लिंबू हळूच सरबताकडे वळवा. हळद झाल्यावर आधी तेलाच्या बोळ्याने पुसून घ्या, मग बेसनाच्या पाण्याने धुवा, मग मॉइश्चरायझर. आणि त्या संध्याकाळी, कितीही आग्रह झाला तरी, त्याच चेहऱ्यावर दुसरं फेशियल करून घेऊ नका.